मेस्तिसो: आपल्या मिसळीचा लांबचा चुलतभाऊ

मिसळ आणि मेस्तिसो हे शब्द एकमेकांचे नातेवाईक आहेत असं कुणी सांगितलं तर आधी वाटेल हा फेकतोय, पण खरंच आहेत. संस्कृतमधला 'मिश्र' आणि लॅटिनमधला 'मिस्केरे' म्हणजे मिसळणं, हे दोन्ही एकाच जुन्या इंडो-युरोपियन धातूतून आलेत. 'मिश्र'वरून आपल्याकडे मिसळणं आलं, मिसळ आली, आणि तिकडे लॅटिनमधून झिजत झिजत स्पॅनिशमध्ये मेस्तिसो, पोर्तुगीजमध्ये मेस्तिसु आणि फ्रेंचमध्ये मेतिस झालं.

अर्थ साधाच, मिश्र वंशाचा. शब्द जनावरांनाही लागतो, संकराच्या कुत्र्याला स्पॅनिशमध्ये आजही पेर्रो मेस्तिसो म्हणतात, त्यामुळे अमेरिका खंडात स्पॅनिश बाप आणि तिथली मूळ रहिवासी आई यांच्या पोरांना हा शब्द चिकटला तेव्हा त्यात कौतुक वगैरे काही नव्हतं. १५३९ मध्ये पेरूतल्या कुस्कोला जन्मलेला लेखक इन्का गार्सिलासो दे ला वेगा, आई इन्का राजघराण्यातली आणि बाप स्पॅनिश कप्तान, त्याने १६०९ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय की तिकडे कुणाला मेस्तिसो म्हटलं तर तो अपमान समजतो, पण मी मात्र स्वतःला तोंड भरून मेस्तिसो म्हणवून घेतो. गंमत म्हणजे मूळ स्पॅनिशमध्येही 'तोंड भरून' असाच वाक्प्रचार आहे.

आता यात पैसा कुठे येतो बघा. स्पॅनिश राजवटीत मूळ रहिवाशांना खंडणी भरावी लागायची, मेस्तिसोंना साधारणपणे माफ होती. चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या वेगवेगळ्या, स्पॅनिशांची वेगळी, मूळ रहिवाशांची वेगळी, मिश्र लोकांची वेगळी. मग पाद्रीबाबा कुठल्या वहीत नाव टाकतात याला किंमत आलीच की, आणि तोच माणूस एका वहीत एक आणि दुसऱ्या वहीत दुसराच असंही व्हायचं.

अठराव्या शतकात तर मेक्सिकोत याची चित्रंच निघाली, कास्ता चित्रं, कास्ता म्हणजे वंश. बहुतेक वेळा १६ चित्रांचा संच, प्रत्येकात आई, बाप आणि मूल, आणि मुलाला कुठलं लेबल लागणार ते लिहिलेलं. स्पॅनिश आणि मेस्तिसो यांचं मूल कास्तिसो, कास्तिसोचं पुन्हा स्पॅनिशाशी झालेलं मूल परत स्पॅनिश, म्हणजे तीन पिढ्यांत हिशेब क्लिअर! आफ्रिकन रक्त असेल तर मात्र ही सवलत सहसा नाही. शेवटी शेवटी लेबलं इतकी वाढली की एकाचं नाव 'हवेत लटकलेला' आणि एकाचं चक्क 'तू मला कळत नाहीस'.

पण डीएनए असा वहीतल्या हिशेबाने चालत नाही. आईकडून निम्मा आणि बापाकडून निम्मा इथपर्यंत ठीक, पण आजीआजोबांपासून पुढे २५ टक्के ही फक्त सरासरी, कारण अंडं किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि कुणाला कुठला तुकडा येईल याचा नेम नसतो. म्हणून सख्ख्या दोन भावांतही स्पॅनिश वाटा कमीजास्त निघतो. २००९ मध्ये मेक्सिकोच्या जीनोम संस्थेने सहा राज्यांतल्या ३०० मेस्तिसो लोकांचा डीएनए तपासला तर उत्तरेच्या सोनोरात युरोपियन वाटा जास्त, दक्षिणेच्या गेरेरोत मूळ अमेरिकन वाटा जास्त, आणि लेबल मात्र सगळ्यांचं एकच. अशा लोकांमध्ये आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) डीएनए बहुतांशी मूळ अमेरिकन असतो आणि बापाकडून येणारं वाय गुणसूत्र बरेचदा युरोपियन, त्यावरून त्या काळात कोण पुरुष कुठून आले आणि बायका कुठल्या होत्या हे वेगळं सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर, १८२२ मध्ये, मेक्सिकोने सरकारी कागदांवर अशी वंशाची नोंद करायला बंदी घातली. पण शब्द काही मेला नाही, उलट क्रांतीनंतर राष्ट्राचा अभिमान म्हणून डोक्यावर घेतला गेला. १९२१ च्या जनगणनेत सुमारे ५९ टक्के लोक मिश्र वंशाचे नोंदले गेले, आणि नंतर तो प्रश्नच बदलून कुठली भाषा बोलता असा झाला. मग गावातला माणूस शहरात आला, नाहुआत्ल ही तिथली मूळ भाषा बोलायचं सोडलं, की झाला मेस्तिसो, रक्त तेच!

फिलिपिन्समध्ये तर स्पॅनिश काळात सर्वात मोठा मेस्तिसो गट चिनी बापांचा होता, आणि आज तिथे गोऱ्यागोमट्या, परदेशी वाटणाऱ्या माणसाला तिसोय म्हणतात, तो याच शब्दाचा पुढचा भाग छाटून केलेला तुकडा.

आणि गोवा? १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीज सेनापती आफोन्सो द आल्बुकेर्कने आपल्या माणसांना इथल्या बायकांशी लग्नं करायला उत्तेजन दिलं, त्यांची पोरं मेस्तिसु. पण मेक्सिकोत चारातले तीन हिस्से स्पॅनिश तो कास्तिसो, तर गोव्यात कास्तिसु म्हणजे आईबाप दोघंही पोर्तुगीज, फक्त जन्म हिंदुस्थानातला. एकच शब्द, दोन समुद्रांवर दोन अर्थ. आणि हा कास्तिसु ज्या 'कास्ता'वरून आला तोच शब्द पोर्तुगीजांनी आपल्या जातींना लावला, आणि इंग्रजांनी त्याचं कास्ट केलं.