मीटिंग, बैठक आणि भेट

डिसेंबर लागला, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं, की नागपुरात ‘मीटिंग’ हा शब्द दिवसाला शंभरदा कानावर पडतो. मंत्र्यांच्या मुक्कामाच्या रविभवनात मीटिंग, नागभवनात मीटिंग, अमुक साहेब मीटिंगमध्ये आहेत, तमुक मीटिंग पुढे ढकलली. शब्द आता इतका आपला झाला आहे की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण त्याचं मूळ मोठं आहे.

जुन्या इंग्रजीत ‘मोट’ किंवा ‘गेमोट’ म्हणजे गावकऱ्यांची जमलेली सभा. त्याच मुळापासून ‘मेटान’ हे क्रियापद आलं, म्हणजे गाठ पडणं, समोरासमोर येणं. त्याचंच पुढे ‘मीट’ झालं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात ‘हंड्रेड’ नावाच्या छोट्या मुलखाची सभा दर चार आठवड्यांनी भरे आणि ‘शायर’ची, म्हणजे जिल्ह्याची, वर्षातून दोनदा. या सभा बऱ्याचदा उघड्यावरच भरत: एखादं ठळक झाड, मातीचा उंचवटा, नदीचा उतार. आपल्याकडचा पार डोळ्यांपुढे आणा. चोरीमारीचे, जमिनीचे तंटे तिथेच सुटत. राजाला सल्ला देणाऱ्या जाणत्यांच्या सभेला ‘विटेनागेमोट’ म्हणत. गुलामांना मात्र या सभांत तोंड उघडता येत नसे, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

या ‘मोट’चा दुसरा वंशज लॉ कॉलेज चौकात रोज ऐकू येतो: मूट कोर्ट. लंडनमधल्या वकिलांच्या शिक्षणसंस्थांत विद्यार्थ्यांना सरावासाठी काल्पनिक खटला देत आणि त्यावर वाद घालायला लावत. त्या वादाला ‘मूट’ म्हणत. काळा कोट घालून खोट्या खटल्यात जीव तोडून बोलणारी आपली मुलं ज्या शब्दाखाली उभी असतात, तो ‘मीटिंग’चा सख्खा भाऊ आहे. ‘मूट पॉइंट’ म्हणजे मुळात ज्यावर अजून वाद व्हायचा आहे असा मुद्दा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्याचा अर्थ ‘आता ज्यावर बोलून उपयोग नाही असा मुद्दा’ इतका उलटा झाला. याचं मला फार वाईट वाटतं.

‘मीट’ आणि आपलं ‘मिळणं’ कानाला जवळचे वाटतात, पण नातं नाही. मेळावा, संमेलन हे ‘मिल्’ धातूचे. खरं नातं सापडतं ते दुसऱ्याच शब्दात. ‘सेशन’ आलं लॅटिनमधल्या ‘बसणे’ या क्रियापदापासून. ते क्रियापद आणि संस्कृतातला ‘सद्’ हा धातू एकाच मूळ भाषेतून निघालेले. म्हणजे संसद, परिषद, सदन आणि सेशन ही एकाच घरची माणसं. ‘परिषद’ तर शब्दशः भोवती बसणं. ‘अधिवेशन’ मात्र ‘विश्’ धातूचं, आणि त्याच ‘विश्’पासून ‘उपविष्ट’ हा शब्द झिजत झिजत ‘बैठक’पर्यंत आला. जरीकाठी ‘अधिवेशन’ आणि घरगुती ‘बैठक’ यांचं गोत्र एकच.

‘काँग्रेस’ हा शब्द या बसण्याच्या अगदी उलट. लॅटिनमध्ये ते एकत्र पावलं टाकत येणं, आणि दोन सैन्यांची गाठ पडणं हाही त्याचा एक अर्थ होता. आपली ‘समिती’ तशीच: सम् म्हणजे एकत्र, इ म्हणजे जाणे. नागपूरनं हे चालत येणं पाहिलं आहे. डिसेंबर १९२० मध्ये इथं भरलेल्या काँग्रेस अधिवेशनानं असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केलं, प्रांतिक समित्या भाषेनुसार रचल्या आणि चार आण्यांत सभासदत्व खुलं केलं. जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालची दलित वर्गांची परिषद इथं भरली, तिला जोडूनच महिलांची स्वतंत्र परिषदही झाली.

आणि दरवर्षीचं हिवाळी अधिवेशन? विदर्भानं मराठी राज्यात यावं यासाठी झालेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात घेण्याचं कलम होतं. महाराष्ट्र झाल्यावर १९६० च्या नोव्हेंबरात नागपुरातलं पहिलं अधिवेशन भरलं. तेव्हापासून सरकार इथं बसायला येतं, आणि त्याच दिवसांत लोक चालत येतात. यशवंत स्टेडियमहून मोर्चे निघतात आणि टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवले जातात. (‘मोर्चा’ फारसीतून आला, मूळ अर्थ लढाईतला खंदक.) आत सेशन, बाहेर काँग्रेस, असं शब्दांच्या मूळ अर्थानं म्हणता येईल.

मागे एका अधिवेशनात टी-पॉइंटजवळ अंगणवाडी सेविकांचा मोर्चा थांबला होता. दुपार कलली होती. रस्त्यावरच सतरंजी टाकून बाया बसल्या होत्या, एकीनं फडक्यात बांधलेली भाकर सोडली होती, वर कोरडी चटणी. शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत गेलं होतं. तासाभरानं पाचजणी परत आल्या. भाकर सोडलेली बाई उठली आणि तिनं विचारलं, “काय झालं वो ताई?”

“मीटिंग झाली,” पुढची म्हणाली, “पन भेट नाई झाली.”

निवेदन कुण्या सचिवानं घेतलं होतं. बाईनं भाकर पुन्हा फडक्यात बांधली आणि सगळ्यांनी घोषणा द्यायला सुरुवात केली.