महाबळेश्वरच्या बागेतील स्थानिक सदाहरित वनस्पती

सह्याद्रीच्या माथ्यावर, सुमारे १,३७० मीटर उंचीवर असलेल्या महाबळेश्वरात घराभोवती बारमाही हिरवाई हवी असेल, तर झाड पुराच्या पावसाला आणि कोरड्या थंडीला, दोन्हींना टिकणारे निवडावे लागते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो; पुढचे सात-आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. जांभ्याची तांबडी माती उथळ आणि आम्लधर्मी असते, तिच्यातले क्षार पावसाने धुऊन गेलेले असतात. हिवाळ्यात वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागात कधी कधी पहाटेचे दव गोठते. विकतचे शोभेचे झाड यातले एखादे संकट सोसते, सगळी क्वचितच. सदाहरित झाड पाने गाळत नाही असे मात्र नाही. ते जुनी पाने थोडीथोडी टाकत राहते, एकदम उघडे पडत नाही.

कोणती झाडे लावावीत याचे उत्तर शेजारच्या रानातच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ इथले जंगल अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांच्या नावांनी ओळखतात.

यातली अंजनी बागेसाठी सर्वांत मोलाची. पाने समोरासमोर, जाड, चकचकीत, शिरा जवळपास न दिसणारी. अशा पानातून पाणी कमी उडते, म्हणून उन्हाळ्यातही ते मान टाकत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी जुन्या फांद्यांच्या उघड्या लाकडावर निळ्या-जांभळ्या फुलांचे गेंद येतात, जणू सालीलाच फुलं फुटली. लाकूड इतके कठीण की कुऱ्हाडीला दाद देत नाही. वाढ मात्र फार संथ. एवढ्याच कारणासाठी लोक तिला टाळून ब्रिटिश काळात इकडे आलेला ऑस्ट्रेलियाचा सिल्व्हर ओक लावतात. सिल्व्हर ओक भराभर वाढतो हे खरे, पण वाऱ्याच्या कड्यावर वर्षानुवर्षे घुसमटत ठेंगणी झालेली, तरी गच्च पर्णसंभार राखणारी अंजनी ज्याने पाहिली आहे, त्याला घाईची ही निवड पटणार नाही. वाऱ्याच्या बाजूला अंजनीच हवी.

पिसा हे दालचिनीच्या कुळातले झाड. पान वरून हिरवे, खालून पांढुरके असल्यामुळे वारा सुटला की सगळे झाड रंग पालटते. नर आणि मादी झाडे वेगळी असतात. फळे हवीत तर दोन-चार रोपे लावावीत. जांभळाला मोकळी जागा लागते. त्याच्या फुलांवरचा मध महाबळेश्वरची ओळख आहे. कोवळ्या रोपाला दवाचा चटका बसतो, म्हणून सखल, गारठा साचणाऱ्या कोपऱ्यात ते लावू नये. हिरडा इथल्या रानातलाच आणि गुणाचा, पण तो पानगळीचा. बारमाही हिरवाईच्या यादीत त्याला धरू नये.

कुंपणासाठी करवंद उत्तम: काटेरी, गर्द, छाटणी सोसणारे. त्याच्या जोडीला आंबगूळ सोडावे. हे आधाराने चढणारे झुडूप असून पानांच्या खालच्या बाजूला चंदेरी खवले असतात आणि उन्हाळ्याआधी आंबट लाल फळे धरतात. पाचगणी जेमतेम १८-१९ किलोमीटर पूर्वेला, पण तिथला पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी. तिथे पिशापेक्षा करवंद आणि जांभूळ अधिक भरवशाचे.

रोपे रानातून उपटून आणू नयेत. हा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, शिवाय उपटलेली अंजनी सहसा जगत नाही. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या आवारात पडलेली पिकलेली फळे गोळा करून, गर काढून, बी ताबडतोब पेरावे. जांभळाचे बी सुकले की काही आठवड्यांत उगवणशक्ती गमावते. ताज्या बियांतून पुष्कळदा एकाऐवजी दोन-तीन कोंब निघतात. त्यातला जोमदार ठेवून बाकीचे खुडावेत. रोप पिशवीत एक वर्ष सांभाळून पुढच्या जूनमध्ये, पावसाचे पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर लावावे आणि पहिला हिवाळा संपेपर्यंत वाऱ्याच्या बाजूने कारवीच्या काठ्यांचा आडोसा करावा. बुंध्याशी पालापाचोळा राहू द्यावा. तो झाडून काढला की उथळ माती पहिल्याच वळवात वाहून जाते.