डच शब्दाचा सांधा कसा ओळखावा

डचमध्ये दहा रोमन अक्षरांचा एक शब्द आहे. तो 'मासाझे-बेट' असा तोडला तर मसाजचा पलंग, 'मासा-खबेट' असा तोडला तर सामूहिक प्रार्थना. स्पेलिंग दोन्हींचं तेच. डच लोक जोडशब्दात मोकळी जागा सोडत नाहीत, त्यामुळे सांधा वाचणाऱ्यानेच शोधायचा असतो. (फारच घोटाळा होत असेल तर मध्ये संयोगचिन्ह टाकायला परवानगी आहे.)

शोध उजवीकडून सुरू करावा. आपल्या तत्पुरुषासारखा शेवटचा भाग मुख्य असतो आणि लिंगही त्याचंच लागतं. 'टाफल' म्हणजे टेबल, त्याला 'डे' हे उपपद. 'ब्लाट' म्हणजे पान किंवा फळी, त्याला 'हेट'. टेबलाचा वरचा भाग 'टाफलब्लाट', म्हणून त्यालाही 'हेट'.

आता मोठा शब्द घेऊ: 'आर्बेइट्स-ऑनखस्खिक्टहेइट्स-फरझेकरिंग'. ३३ अक्षरं, मध्ये एकही जागा नाही. 'फरझेकरिंग' म्हणजे विमा. 'आर्बेइट' काम, 'ऑन' हा नकार, 'खस्खिक्ट' योग्य किंवा सक्षम, 'हेइट' म्हणजे आपला '-पणा'. काम करायला असमर्थ झाल्यास मिळणारा विमा. दोन ठिकाणी आलेला जादा 'एस' हा निव्वळ जोड आहे. '-हेइट'नंतर दुसरं नाम आलं की हा 'एस' जवळजवळ नेहमी येतो, म्हणून तो दिसला की तिथे सांधा आहे असं खुशाल धरावं.

नवशिक्यांची खरी दमछाक क्रियापदांत होते. 'ब', 'ख', 'एर', 'ऑन्ट', 'फर' हे पाच उपसर्ग क्रियापदावर आघात घेत नाहीत आणि त्यापासून सुटतही नाहीत. शिवाय भूतकाळवाचक धातुसाधितात येणारा 'ख' ते आत येऊ देत नाहीत. 'कोपन' म्हणजे विकत घेणं, त्याचं 'खकॉख्ट' होतं. 'फरकोपन' म्हणजे विकणं, त्याचं नुसतं 'फरकॉख्ट'. 'खफरकॉख्ट' ही नेहमीची चूक.

'फोर', 'ऑन्डर', 'ओफर', 'डोर' यांची तऱ्हा वेगळी. ते दोन्ही बाजूंनी खेळतात आणि निकाल आघात देतो. 'फोरकोमन'मध्ये जोर 'फोर'वर दिला तर अर्थ 'घडणं, आढळणं'. 'को'वर दिला तर 'टाळणं, प्रतिबंध करणं'. पहिल्यात उपसर्ग सुटून वाक्याच्या शेवटी जातो: 'डाट कोम्ट फाक फोर', असं बऱ्याचदा घडतं. दुसऱ्यात तो जागचा हलत नाही: 'डाट फोरकोम्ट ऑनखलुकन', त्याने अपघात टळतात. पहिल्याचं धातुसाधित 'फोरखकोमन', दुसऱ्याचं 'फोरकोमन'च. त्यामुळे असं क्रियापद वहीत उतरवताना आघाताची खूण त्याच वेळी करावी. नंतर वाक्यरचना त्या खुणेवरूनच ठरते.

सांध्यावर उच्चारही बदलतो. इथे शाळेतली व्यंजनसंधी उपयोगी पडते. 'झाक' म्हणजे खिसा, 'डूक' म्हणजे कापड. रुमालाला लिहितात 'झाकडूक', पण उच्चार 'झागडूक'. वाक् + देवी = वाग्देवी, अगदी तोच नियम! एरवी डच 'जी' घशातून 'ख'सारखा निघतो. परक्या शब्दांखेरीज खणखणीत 'ग' ऐकू येतो तो अशा सांध्यांवरच. मात्र दुसरा भाग 'झ'ने सुरू झाला तर उलटं घडतं: 'ऑप' + 'झूकन' (शोधून काढणं) याचा उच्चार 'ऑपसूकन'. संस्कृत संधी लिहून दाखवतं, डच दाखवत नाही. म्हणून हे कानानेच शिकावं लागतं.

जोड 'एन'ने खुद्द डच लोकांनाही दमवलं आहे. पॅनकेकच्या शब्दात १९९५च्या शुद्धलेखन सुधारणेने मध्ये 'एन' घातला, जो बहुतेक लोक उच्चारतच नाहीत. कसोटी अशी: पहिल्या नामाचं अनेकवचन फक्त 'ईएन' लावून होत असेल तर 'एन' लिहायचा. सूर्य एकच, म्हणून सूर्यप्रकाशाच्या 'झॉनस्खेइन'मध्ये हा जोड नाही (दिसतो तो 'न' 'झॉन', म्हणजे सूर्य, याचाच). प्राणी आणि वनस्पती मिळून झालेल्या फुलझाडांच्या नावांना तेव्हा सूट दिली होती. 'घोडा' आणि 'फूल' मिळून होणारं डँडेलियनचं नाव त्यातलंच. २००५मध्ये ती सूट रद्द झाली आणि डँडेलियनलाही 'एन' चिकटला.

स्वर एकमेकांवर आदळले तर उपसर्ग आणि जोडशब्द यांना वेगळी वागणूक मिळते. 'ब' + 'एइन्डखन' (संपवणं) इथे दुसऱ्या 'ई'वर दोन टिंबं येतात. 'झे' (समुद्र) + 'एन्ट' (बदक) इथे मात्र संयोगचिन्ह, नाहीतर चार 'ई' सलग येतील.

ओळीच्या शेवटी शब्द तोडतानाही सांधाच वरचढ. 'आफन्ट' म्हणजे संध्याकाळ; शेवटी लिहितात 'डी', उच्चार 'ट'. तिच्या अनेकवचनात 'डी' पुढच्या अवयवात जातो आणि 'ड'च राहतो: 'आफन-डन'. पण रात्रीच्या जेवणाच्या 'आफन्ट-एटन'मध्ये पुढे स्वर असूनही तो मागेच थांबतो आणि 'ट' ऐकू येतो. त्यामुळे तोडायचं तेही 'डी'नंतर. केवळ अक्षरं मोजून शब्द तोडणारी संगणक-प्रणाली नेमकी इथे चुकते. तिला जोडशब्दांची यादी द्यावी लागते.