वाघर आणि लांडगा

दिवस कलला की सासवड-जेजुरीकडच्या माळावर धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांसह टाकलेल्या फिरत्या मुक्कामावर, एकच लगबग सुरू होते. खुंट ठोकायचे, वाघर म्हणजे जाळी ताणायची, मेंढरं आत घ्यायची. नुकती जन्मलेली कोकरं माणसांच्या अंथरुणाजवळ आणि कुत्री कडेला. रात्री लांबून लांडग्याची आरोळी उठली की कुणीतरी उठतं, मेंढरांवर बॅटरी फिरवतं, कुत्र्यांना हाक देतं आणि पुन्हा घोंगडी ओढून घेतं.

त्याच आवाजानं शहरातून आलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. धनगराला काळजी असते कोकराची, आपल्याला स्वतःच्या जिवाची. आपली ही भीती बहुतेक गोष्टींतून आलेली असते, कारण 'लांडगा आला रे आला' ऐकत वाढलेल्या आपल्यातल्या बहुतेकांनी लांडगा कधी पाहिलेलाच नसतो. पाहिला, तर तो 20 किलोंच्या आसपासचा, लांब पायांचा, मळकट करड्या रंगाचा प्राणी निघतो. माणूस दिसला की दोन-चारदा मागं वळून बघत निघून जाणारा.

मग भीती निव्वळ खोटी आहे का? नाही, आणि तसं म्हणणं अन्यायाचं होईल. 1996 साली उत्तर प्रदेशातल्या प्रतापगड, जौनपूर, सुलतानपूर भागात लांडग्यांनी अनेक लहान मुलांचा बळी घेतला. वन्यजीव संशोधक यादवेंद्रदेव झाला आणि दिनेश कुमार शर्मा यांनी त्या घटनांचा माग काढला. त्या भागात रानातली शिकार जवळजवळ संपलेली होती आणि गुरं-शेळ्यांवर राखण होती. गरिबाघरची मुलं मात्र उघड्यावर, एकटी सापडत होती. त्यांची ही नोंद वाचताना मला आजही लांडग्यापेक्षा त्या दार नसलेल्या घरांचा विचार जास्त छळतो.

नॉर्वेतल्या निसर्गसंशोधन संस्थेनं 2002 ते 2020 या काळातल्या जगभरच्या हल्ल्यांची छाननी केली. 489 जणांवर हल्ले झाल्याची नोंद मिळाली आणि त्यातल्या 380 जणांवरचे हल्ले पिसाळलेल्या लांडग्यांचे होते. म्हणजे खरा धोका मुख्यतः रेबीजचा आहे, आणि आपल्याकडे हा रोग पसरतो तो प्रामुख्यानं कुत्र्यांमधून. लांडगा चावला तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठून लस घ्यायची. गावातल्या आणि वाड्यावरच्या कुत्र्यांना लस टोचली, तर माणूस आणि लांडगा दोघंही वाचतात.

ब्रिटिश राजवटीत लांडगा मारणाऱ्याला बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत दोन लाखांवर लांडगे मारले गेले. आज देशात उरलेत ते जेमतेम तीन हजारांच्या आसपास. जनुकीय अभ्यास सांगतात की आपला लांडगा जगातल्या लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक आहे. तो गेला तर युरोपातून किंवा अमेरिकेतून दुसरा आणून ती जागा भरता येणार नाही.

कायद्यानं त्याला वाघाइतकंच संरक्षण दिलं आहे. पण तो राहतो त्या माळाला सरकारी कागदांवर बऱ्याचदा 'पडीक' म्हणतात. पडीक म्हटलं की तिथं कारखाना येतो, प्लॉट पडतात, नाहीतर चांगल्या हेतूनं झाडं लावून गवत मारलं जातं. माळ आटला की लांडगा गावाजवळ सरकतो आणि कुत्र्यांशी त्याचा संबंध वाढतो. पुण्याच्या आसपास लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्धही झालं आहे.

आणि नुकसान? लांडग्यानं मेंढरू मारलं तर वनविभागाकडून भरपाई मिळते. त्यासाठी पंचनामा लागतो, आणि पंचनाम्याला मेलेलं जनावर दाखवावं लागतं. लांडगा मात्र कोकरू तोंडात धरून पसार होतो. दाखवायचं काय? शिवाय धनगराचा वाडा चार दिवसांत पुढच्या गावी हललेला असतो. ही भरपाई फिरत्या माणसापर्यंत वेळेत पोचावी, एवढी सोय आपण अजून नीट केलेली नाही.

हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, लांडगीण माळावरच्या एखाद्या बिळात किंवा ओढ्याकाठच्या कपारीत पिल्लं घालते. माळ पायाखाली घालणाऱ्या धनगराला ती जागा अनेकदा ठाऊक असते. बिळाचं तोंड दगडांनी बुजवायचं की वाट वाकडी करून मेंढरं दुसरीकडे न्यायची, हे तिथं उभा राहून तोच ठरवतो. गेल्या साली नेलेल्या कोकराचे पैसे त्याच्या हातात पडले होते की नाही, हे त्या वेळी त्याला पक्कं आठवत असतं.