इंग्लिश लीग फुटबॉलमधले सुधारणा-प्रस्ताव आणि फॅन्सचा विरोध

इंग्लंडच्या लीग फुटबॉलची रचना बदलायचे प्रस्ताव दर काही वर्षांनी येतात. कधी एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) आणते, कधी ईएफएल (प्रीमियर लीगच्या खालच्या तीन विभागांची लीग) आणते, कधी मोठ्या क्लबांचे मालक आपापसात ठरवून गुपचूप कागद तयार करतात, आणि जवळपास दर वेळी त्याला सगळ्यात आधी आडवं जातं ते स्टँडमध्ये बसणारं पब्लिक. या नोंदीत त्यातले मुख्य प्रस्ताव आणि फॅन्सनी त्यांचं काय केलं हे दिलंय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, इंग्लिश फॅन म्हणजे जुन्याला चिकटून बसलेला माणूस असं जे चित्र रंगवलं जातं ते खरं नाही. 1981 मध्ये विजयाला दोनाऐवजी तीन पॉइंट आले, 1987 मध्ये प्ले-ऑफ, म्हणजे वर जायच्या शेवटच्या जागेसाठीच्या जादा मॅच, आल्या, दोन्ही लोकांनी आपलेसे केले. भांडण होतं ते दोनच गोष्टींवरून, वर जायचा रस्ता बंद होतोय का, आणि आम्हाला न विचारता ठरवलंय का.

आधी रचना थोडक्यात. वर प्रीमियर लीग, 20 क्लब. त्याखाली ईएफएलच्या चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी 24 म्हणजे 72, एकूण झाले 92. त्याखाली नॅशनल लीग आणि मग खाली गावोगावच्या क्लबांपर्यंत सगळं एकमेकांना जोडलेलं, वरचे नंबर काढणारे वरच्या विभागात जातात आणि तळाचे खाली उतरतात, याला तिकडे पिरॅमिड म्हणतात. मूळ फुटबॉल लीग 1888 ची, तेव्हा 12 क्लब होते. प्रीमियर लीग 1992 मध्ये टीव्हीच्या पैशासाठी वेगळी झाली आणि तेव्हापासून वरचे आणि खालचे यांच्यातली पैशाची दरी वाढतच गेली, पुढच्या बहुतेक प्रस्तावांचं मूळ याच दरीत आहे. पण दरी कितीही वाढली तरी रस्ता बंद झालेला नाही. ल्युटन टाउन 2009 ते 2014 चक्क या 92 क्लबांच्या बाहेर होतं, आणि 2023 मध्ये तेच ल्युटन प्रीमियर लीगमध्ये पोचलं, तेही केनिलवर्थ रोडवर खेळून, जिथे पाहुण्या टीमच्या फॅन्सना चाळीसारख्या जोडून बांधलेल्या घरांच्या खालून वाट काढत स्टँडमध्ये जावं लागतं. पेली-रडॉक एमपान्झू हा खेळाडू त्या सगळ्या पायऱ्या एकाच क्लबकडून चढला. फॅन्स ज्यासाठी जीव तोडून भांडतात ते हेच.

जुनी उदाहरणं बघायची तर 1983 मध्ये ऑक्सफर्ड युनायटेडचा मालक रॉबर्ट मॅक्सवेल याने ऑक्सफर्ड आणि रेडिंग एकत्र करून थेम्स व्हॅली रॉयल्स नावाचा एकच क्लब काढायचं जाहीर केलं. ऑक्सफर्डचे फॅन्स मॅचच्या आधी मैदानात उतरून मध्यभागी ठाण मांडून बसले, मॅच उशिरा सुरू झाली, रेडिंगवालेही उठले आणि शेवटी तो बेत बारगळला. विम्बल्डनच्या बाबतीत मात्र विरोध कमी पडला. 2002 मध्ये क्लबला लंडन सोडून मिल्टन कीन्सला जायची परवानगी मिळाली, तेव्हा फॅन्सनी सरळ स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, नवव्या पातळीपासून सुरुवात केली आणि 2011 मध्ये फुटबॉल लीगमध्ये आणून दाखवला.

फेब्रुवारी 2008 मध्ये प्रीमियर लीगचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड स्कुडामोर यांनी 39 व्या मॅचची कल्पना मांडली, म्हणजे प्रत्येक टीमने सीझनमधली एक जादा मॅच परदेशात जाऊन खेळायची. आता मुंबई-पुण्यात रात्री जागून मॅच बघणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकायला भारी वाटतं, आशियातल्या एखाद्या शहरात मॅच झाली तर आपल्याला बघायला मिळेल ना. पण तिकडच्या फॅन्सचा मुद्दा बिनतोड होता. 20 टीम, प्रत्येकीने उरलेल्या 19 जणींशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळायचं, म्हणून 38. सगळ्यांना सारखंच. त्यात एक जादा मॅच घातली की कोणाला तगडी टीम येणार, कोणाला लिंबूटिंबू, आणि एका पॉइंटवरून खाली जाणाऱ्या क्लबने मग कोणाकडे बघायचं? फॅन्ससोबत फिफाचाही विरोध झाला आणि कल्पना गुंडाळली गेली. इतक्या लांब बसून मला तरी फॅन्सचंच पटतं.

2014 मध्ये ग्रेग डाइक यांच्या एफए कमिशनने लीग थ्री सुचवली. इंग्लिश पोरांना वरच्या क्लबांत खेळायला मिळत नाही ही तक्रार खरीच होती, त्यावर उपाय म्हणून लीग टूच्या खाली नवीन विभाग करायचा आणि त्यात मोठ्या क्लबांच्या बी टीम, म्हणजे राखीव टीम, घालायच्या. स्पेन आणि जर्मनीत हे चालतं. पण इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये प्रत्येक टीमच्या मागे एक गाव असतं, आजोबांपासून चालत आलेलं सीझन तिकीट असतं, आणि तिथे कोणाच्या तरी राखीव पोरांशी लीगची मॅच खेळायची म्हणजे आपला क्लब दुसऱ्याचं ट्रेनिंग ग्राउंड झाला अशी भावना झाली. विरोध इतका आला की प्रस्ताव पुढे सरकलाच नाही.

पण कल्पना मेली नव्हती. 2016-17 पासून ईएफएल ट्रॉफीत, जी लीग वन आणि लीग टूच्या क्लबांची स्पर्धा आहे, मोठ्या क्लबांच्या अकादमी टीम, म्हणजे तरुण पोरांच्या टीम, घेतल्या. इथे फॅन्सनी मोर्चे नाही काढले, ते गेलेच नाहीत. बी टीम बॉयकॉट या नावाने मोहीम चालली आणि काही मॅचना हजार सोडा, पाचशे माणसंसुद्धा नव्हती, हजारो खुर्च्यांच्या स्टेडियममध्ये खेळाडूंच्या हाका ऐकू याव्यात इतका शुकशुकाट. त्यात नियम असा की लीग वन-टूच्या क्लबने ताकदवान टीमच उतरवायची, आणि ल्युटन आणि पोर्ट्समथने आपली तरुण पोरं जास्त खेळवली म्हणून त्यांनाच दंड झाला. तरुण खेळाडूंना संधी मिळावी म्हणून बदललेल्या स्पर्धेत तरुण खेळाडू खेळवल्याबद्दल दंड, फॅन्स चिडले तर नवल काय. तरीही प्रामाणिकपणे सांगायचं तर बॉयकॉटने स्पर्धा बदलली नाही, अकादमी टीम अजून खेळतात, आणि फायनल वेम्ब्लीला, म्हणजे लंडनच्या राष्ट्रीय स्टेडियमला, असली की लोक जातातच. 2019 च्या पोर्ट्समथ-संडरलँड फायनलला 85,021 लोक होते.

त्याच 2016 मध्ये ईएफएलने प्रीमियर लीग धरून 20-20 क्लबांचे पाच विभाग करायचाही प्रस्ताव आणला होता, तो वर्ष संपायच्या आत बारगळला. त्यावर फार लिहिण्यासारखं काही नाही.

प्रोजेक्ट बिग पिक्चरवर मात्र लिहायला हवं, कारण तिथे फॅन्सची खरी परीक्षा होती. ऑक्टोबर 2020, कोविड, स्टेडियम रिकामी, गेटचा पैसा शून्य, लीग वन-टूचे क्लब अक्षरशः पगार कुठून द्यायचा या चिंतेत, आणि अशा वेळी लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडच्या मालकांनी ईएफएलचे अध्यक्ष रिक पॅरी यांच्या पाठिंब्याने योजना पुढे केली. खालच्या क्लबांना लगेच 25 कोटी पाउंड, पुढच्या टीव्ही उत्पन्नाचा 25 टक्के वाटा, बदल्यात प्रीमियर लीग 18 क्लबांची, लीग कप आणि कम्युनिटी शील्ड बंद, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मतदानाची खरी ताकद सर्वात जास्त काळ टिकलेल्या नऊ क्लबांकडे, त्यातले सहा एकत्र आले की मोठे निर्णय त्यांच्या हातात. खालच्या काही क्लबांच्या मालकांना हे हवंच होतं, त्यांना दोष देता येत नाही, बुडणारा माणूस दोर कोणी टाकला ते बघत नाही. पण फॅन्सच्या संघटनांनी बघितलं. अगदी ज्या सहा क्लबांचा यात सगळ्यात जास्त फायदा होता त्यांच्याच फॅन्सच्या गटांनी एकत्र येऊन सत्ता अशी मूठभर मालकांकडे द्यायला नकार दिला. प्रस्ताव बाहेर आल्यावर आठवड्याच्या आत प्रीमियर लीगच्या क्लबांनी तो फेटाळला.

सहाच महिन्यांनी, 18 एप्रिल 2021 च्या रविवारी रात्री, युरोपियन सुपर लीग, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांची वेगळी लीग, जाहीर झाली. 12 क्लब, त्यातले सहा इंग्लिश: आर्सेनल, चेल्सी, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, मँचेस्टर युनायटेड आणि टॉटनहॅम. ठरलं होतं की 20 पैकी 15 जागा कायमच्या, कितीही वाईट खेळा, बाहेर पडणार नाही. लिव्हरपूलच्या फॅन्सनी आपल्या अ‍ॅनफिल्ड मैदानातल्या कॉप या स्टँडवरचे बॅनर काढून घेतले. सोमवारी लीड्सच्या खेळाडूंनी लिव्हरपूलसमोर वॉर्म-अपला निषेधाचे टी-शर्ट घातले. मंगळवारी संध्याकाळी चेल्सी-ब्रायटन मॅचच्या आधी स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर हजारभर लोक रस्त्यात उभे, आत कोणाला प्रवेशच नव्हता, टीमची बस अडकली, आणि क्लबचा जुना गोलकीपर पीटर चेक, जो तेव्हा क्लबमध्ये अधिकारी होता, स्वतः गर्दीत येऊन थोडा वेळ द्या म्हणून विनवत होता. मॅच पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाली. तेवढ्यात बातमी फुटली की चेल्सी माघार घेतेय आणि ज्यांचा क्लब फायद्यात राहणार होता तेच लोक रस्त्यावर नाचायला लागले. रात्रीपर्यंत सहाही क्लब बाहेर पडले. युनायटेडच्या फॅन्सचा राग मात्र क्लबच्या मालक ग्लेझर कुटुंबावरचा जुना होता, 2 मे रोजी ते ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले, 2010 च्या आंदोलनातले हिरवे-पिवळे मफलर पुन्हा बाहेर आले, आणि लिव्हरपूलविरुद्धची मॅच पुढे ढकलावी लागली. त्या दिवशी पोलिसांनाही दुखापत झाली, ते चुकीचंच होतं.

इथून पुढे गोष्ट उलटी फिरते, कारण आता सुधारणा मागणारे फॅन्सच होते. त्याची मुळं 27 ऑगस्ट 2019 मध्ये आहेत. त्या दिवशी बरी हा 1885 चा क्लब, दोन वेळचा एफए कप विजेता, पैशाच्या गोंधळामुळे ईएफएलमधून काढला गेला. तो एका पाउंडला विकला गेला होता. क्लबची एक माजी महिला डायरेक्टर गिग लेन स्टेडियमच्या पाइपला स्वतःला बेड्या घालून उभी राहिली, तरी वाचला नाही. सुपर लीगनंतर सरकारने खासदार ट्रेसी क्राउच यांना फॅन्सच्या मतांवर आधारित आढावा घ्यायला सांगितलं, त्यांनी नोव्हेंबर 2021 मध्ये 47 शिफारशी दिल्या, आणि बरीच रखडपट्टी होऊन, मध्ये एक निवडणूक होऊन, जुलै 2025 मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला. वरच्या पाच पातळ्यांवरच्या 116 क्लबांसाठी स्वतंत्र नियामक, मालकांची तपासणी, नियामकाने मनाई केलेल्या स्पर्धेत जायला बंदी, आणि क्लबचा बिल्ला किंवा घरच्या शर्टचा रंग बदलायचा तर फॅन्सचं मत घेणं. कार्डिफ सिटीच्या निळ्या टीमला 2012 मध्ये मालकाने लाल शर्ट घातले होते आणि 2015 मध्ये पुन्हा निळे करावे लागले, हे ज्याने पाहिलंय त्याला शर्टाच्या कलमाचं महत्त्व कळेल.

मालकांच्या तपासणीच्या मुद्द्याला पुण्याचा धागा आहे. 1995 चा प्रीमियर लीग विजेता ब्लॅकबर्न रोव्हर्स नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या पोल्ट्रीवाल्या वेंकीजने घेतला. दीड वर्षात क्लब खाली गेला, आणि मे 2012 मध्ये विगनविरुद्धच्या त्या मॅचमध्ये कोणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. मालकांनी नंतरही क्लबमध्ये पैसा ओतला हे खरं, पण इतक्या लांबून, फॅन्सशी न बोलता क्लब चालवता येतो का हा प्रश्न तिथले लोक आजही विचारतात, आणि आपल्याकडच्यांनी तो ऐकावा असं मला वाटतं.

सगळेच बदल थांबत नाहीत. एप्रिल 2024 मध्ये एफए कपच्या पहिल्या फेरीपासूनचे रीप्ले (बरोबरीत सुटलेली मॅच पुन्हा खेळणं) बंद केल्याचं जाहीर झालं, छोट्या क्लबांनी आणि त्यांच्या फॅन्सनी खूप आरडाओरडा केला. 1972 मध्ये लीगबाहेरच्या छोट्या हेरफर्डने बड्या न्यूकॅसलला हरवलं तो रीप्लेच होता, आणि 2005 मध्ये फॅन्सच्या मालकीच्या एक्झेटरने ओल्ड ट्रॅफर्डवर 0-0 करून रीप्ले मिळवला त्याच्या पैशातून कर्ज फेडलं होतं. निर्णय मागे घेतला गेला नाही.

आता चर्चा आहे ती 3अप मोहिमेची. नॅशनल लीगमधून 1987 पर्यंत आपोआप कोणीच वर जात नव्हतं, जुन्या क्लबांच्या मतांवर सगळं चालायचं, मग एक जागा आली, 2003 पासून दोन. 2025 च्या सुरुवातीला नॅशनल लीगच्या 72 क्लबांनी मिळून तिसरी जागा मागितली. मत ईएफएलच्या क्लबांनी द्यायचंय, म्हणजे ज्यांना त्यामुळे खाली पडायची भीती वाढणार आहे त्यांनीच, आणि सुपर लीगच्या वेळी रस्ता उघडा ठेवा म्हणणाऱ्या लीग टूच्या फॅन्सना आता आपल्या खालचाही रस्ता रुंद करा असं म्हणायचं की नाही ते ठरवायचंय.