चाळीस वर्षांची व्हिस्की म्हणजे नक्की किती वर्षांची?

खूप जुनी सिंगल माल्ट (एकाच कारखान्यातली, मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) चाखायचं वेड तसं अलीकडचं. आधी बहुतेक माल्ट ब्लेंडमध्ये (वेगवेगळ्या कारखान्यांच्या व्हिस्कींच्या मिश्रणात) ओतायलाच बनायची, चाळीस वर्षं पिंपात ठेवू असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. मग १९८० च्या आसपास मागणी पडली, गोदामं तुंबली, १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या इस्ले बेटावरची पोर्ट एलन आणि उत्तरेकडची ब्रोरा या डिस्टिलऱ्या बंद झाल्या, आणि तेव्हा पडून राहिलेली पिंपं आज लोक डोळे मिटून हुंगतात. म्हणजे उरलंसुरलंच की.

सगळा घोळ आहे तो 'वय' या शब्दाचा. वय मोजायचं फक्त पिंपातलं, १९६८ ला बाटलीत भरलेली १२ वर्षांची व्हिस्की आजही १२ चीच, आजोबांच्या कपाटात कितीही वर्षं काढू दे. त्यात वेगवेगळी पिंपं मिसळली तर लेबलवर सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचंच वय टाकता येतं. आता बघा, स्कॉटलंडच्या दमट हवेत पिंपातलं अल्कोहोल हळूहळू उतरत जातं, (गोव्याच्या उकाड्यात तर माल उडूनच जातो, तिथे चाळीस वर्षं विसरा) आणि ४० टक्क्यांच्या खाली गेलं की ती स्कॉच म्हणून विकताच येत नाही. ५० वर्षांचं पिंप ४० च्या काठावर आलं तर वाचवायला त्यात ३० वर्षांची कडक व्हिस्की घालायची, की झालं, लेबलवर ३०! २०१५ मध्ये लंडनच्या एका छोट्या ब्लेंडरने आपल्या मिश्रणात काय किती वर्षांचं आहे याचा अख्खा हिशोब जाहीर केला, तर तक्रार झाली आणि माहिती काढायला लावली. ग्राहक फसू नये म्हणून नियम, ठीक आहे, पण खरं सांगितल्यावर कोण फसतं हे मला अजून कळलेलं नाही.

आणि आकडा मोठा म्हणजे चव भारी असंही नाही. १९६० च्या दशकातल्या बोमोरमध्ये (हीही इस्लेचीच माल्ट) पिकल्या आंब्याचा वास येतो म्हणून लोक जीव टाकतात, पण लाकूड जास्त मुरलं की नुसता कात चघळल्यासारखा तुरटपणा.

तरी आकड्याची भूल काही जात नाही. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका हॉटेलात १८७८ ची म्हणून एक पेग एका चिनी ग्राहकाला जवळपास १०,००० फ्रँकला गेला, नंतर लॅबमध्ये कळलं की माल १९७० च्या आसपासचा, तोही ब्लेंड. हॉटेलवाले पैसे परत द्यायला स्वतः चीनला जाऊन आले.