डायपरचा खर्च कोणी द्यायचा? मेडिकेअर-मेडिकेडमधल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत पासष्टी ओलांडलेल्या माणसाचा लघवीवरचा ताबा कायमचा गेला आणि डॉक्टरांनी कॅथेटर, म्हणजे मूत्राशयातून लघवी काढणारी नळी, लिहून दिला, तर वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना मेडिकेअर त्याच्या खर्चातला मोठा वाटा उचलते. त्याच माणसाला त्याच डॉक्टरांनी डायपर लिहून दिले, तर मूळ मेडिकेअर एक डॉलरही देत नाही. त्याच घरात मेडिकेडवर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी योजनेवर, असलेला दहा वर्षांचा अपंग नातू असेल, तर त्याच्या डायपरचे खोके मात्र दर महिन्याला दारात येऊ शकतात. आईवडिलांना ग्रीन कार्डावर तिकडे नेलेल्या मराठी कुटुंबांना हे कोडे हमखास पडते. त्याचे उत्तर १९६५ सालापासून शोधावे लागते.

३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसूरीतल्या इंडिपेंडन्स गावी ज्या कायद्यावर सही केली, त्यातून दोन योजना जन्मल्या. मेडिकेअर वृद्धांसाठी, सगळ्या देशात एकाच नियमाची आणि केंद्राच्या पैशावर चालणारी. मेडिकेड गरिबांसाठी, केंद्र आणि राज्य मिळून चालवायची, त्यामुळे राज्यागणिक वेगळी. आराखडा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते ते रुग्णालयाचे बिल आणि डॉक्टरांची फी. म्हातारपणी एखाद्या ऑपरेशनने घर धुऊन निघू नये, ही त्यामागची चिंता होती आणि ती रास्तच होती. वर्षानुवर्षे घरात चालणारी शुश्रूषा त्या चित्रात नव्हती. मोठ्यांसाठी वापरून टाकायचे डायपर तेव्हा बाजारात नावालाच होते. घरोघरी जुनी धोतरे, चादरी आणि रबरी कापड वापरून निभावले जाई आणि धुणे बहुतेक घरातल्या बाईकडे असे.

मेडिकेअरच्या कायद्यात दोन गोष्टी अशा होत्या, की डायपर पुढेही आत शिरू शकले नाहीत. पहिली म्हणजे वैयक्तिक सुखसोयीच्या वस्तूंना साफ नकार. दुसरी म्हणजे घरी वापरायच्या साधनांची अट: वस्तू टिकाऊ हवी, पुन्हापुन्हा वापरता यायला हवी आणि मुख्यतः वैद्यकीय कामाची हवी. या अटीत व्हीलचेअर बसली, रुग्णालयासारखी खाट बसली, खोलीबाहेर जाऊ न शकणाऱ्यासाठी कमोडची खुर्चीही बसली. लघवी शोषणाऱ्या पॅडसमोर मेडिकेअरच्या यादीत नकाराची कारणे नोंदवली आहेत: पुन्हा न वापरता येणारी आणि स्वच्छतेची वस्तू. भारतातही विमा नियामकाच्या न देय वस्तूंच्या यादीत ‘कुठल्याही प्रकारचे डायपर’ आहेतच, म्हणजे हा विचार एकट्या अमेरिकेचा नाही.

मग कॅथेटर कसा आत आला? तो आला कृत्रिम अवयवाच्या दाराने. निकामी झालेल्या अवयवाचे काम करणारी वस्तू मेडिकेअर देते आणि मूत्राशयाचे काम कॅथेटर करतो, असा तो हिशेब. मिशिगन विद्यापीठातले मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये रुग्णाने स्वतःच दिवसातून काही वेळा कॅथेटर घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत मांडली आणि मज्जारज्जूच्या असंख्य रुग्णांचे आयुष्य पालटले. तरीही अनेक वर्षे मेडिकेअर बहुतेकांना महिन्याला चारच कॅथेटर देई. धुवा आणि पुन्हा वापरा. एप्रिल २००८ पासून ही मर्यादा महिन्याला २०० पर्यंत गेली, कारण एकच नळी पुन्हापुन्हा वापरल्याने होणाऱ्या संसर्गाची भीती अखेर मान्य झाली. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. एकदाच वापरून टाकायची वस्तू रोग टाळण्यासाठी द्यावी लागते, हे मेडिकेअरने इथे स्वतःच कबूल केले. ओल्या कपड्यात तासन्‌तास राहिल्याने सोलवटणाऱ्या कातडीला तोच न्याय का लावू नये, याचे पटणारे उत्तर मला कुठे सापडलेले नाही.

दरम्यान बाजार बदलला होता. १९८०च्या दशकात किम्बर्ली-क्लार्कचे डिपेंड अमेरिकेत सगळीकडे मिळू लागले आणि अभिनेत्री जून ॲलिसन टीव्हीवर त्याची जाहिरात करू लागली. ज्या त्रासाबद्दल माणसे डॉक्टरांशीही बोलत नसत, त्याचे नाव दिवाणखान्यात ऐकू येऊ लागले. १९८८च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने प्रौढांमधल्या या त्रासावर तज्ज्ञांची परिषद भरवली. हा म्हातारपणाचा अटळ भाग समजून सोडून देऊ नये, त्याची तपासणी आणि उपचार व्हायला हवेत, असे तिथे स्पष्ट सांगितले गेले. मेडिकेअरचा नियम मात्र होता तिथेच राहिला.

मेडिकेडमध्ये गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. त्यासाठी आधी अमेरिकेतल्या नर्सिंग होमकडे पाहावे लागते. आपल्याकडच्या छोट्या खासगी इस्पितळाला आपण हा शब्द वापरतो. तिकडे मात्र वृद्ध किंवा अपंग माणसांना कायमचे ठेवून घेणारी जागा असा त्याचा अर्थ आहे. १९८७च्या सुधारणा कायद्यानंतर आलेल्या नियमांनुसार अशा संस्थेला मेडिकेडच्या रहिवाशाकडून डायपरचे वेगळे पैसे घेता येत नाहीत, ते रोजच्या दरातच धरलेले असतात. म्हणजे आईला संस्थेत ठेवली तर डायपर सरकारी पैशातून आणि घरी सांभाळली तर मुलीच्या पगारातून. घरी सांभाळणाऱ्यालाच दंड करणारी ही रचना होती.

संस्थेला झुकते माप देणारी ही वृत्ती त्याआधीच, १९८१ मध्ये, एका लहान मुलीमुळे उघडी पडली होती. आयोवा राज्यातली केटी बेकेट तान्ही असताना मेंदूज्वराने आजारी पडली आणि श्वासासाठी यंत्रावर अवलंबून राहिली. ती घरी जाऊ शकत होती आणि घरी खर्चही कितीतरी कमी होता, पण घरी गेली असती तर मेडिकेड बंद झाले असते. नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत तिचे उदाहरण दिले आणि त्या वर्षाच्या अखेरीस ती घरी गेली. त्याच वर्षी संस्थेऐवजी घरी राहणाऱ्यांसाठी खास सवलतीच्या योजना चालवण्याची मुभा कायद्याने राज्यांना मिळाली. या योजनांना तिकडे ‘वेव्हर’ म्हणतात. अपंगांच्या कितीतरी कुटुंबांना डायपर पहिल्यांदा सरकारी पैशातून मिळाले ते या वेव्हरमधूनच. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्मस्टेड खटल्यात अपंगांना विनाकारण संस्थेत डांबणे हा भेदभाव ठरवला, तेव्हा घरच्या शुश्रूषेला आणखी बळ आले.

वेव्हरची मोठी अडचण म्हणजे ते ऐच्छिक असतात आणि जागा मोजक्या. रांगेत वर्षे जातात. हक्काने मागता येईल असा आधार दुसऱ्याच कायद्यात दडलेला होता. मेडिकेडमधल्या मुलांची नियमित तपासणी आणि उपचार राज्यांनी करावेत, अशी तरतूद १९६७ मध्ये आली होती. १९८९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती कडक केली: २१ वर्षांखालच्या मुलाला वैद्यकीय गरज असेल आणि ती सेवा केंद्रीय मेडिकेड कायद्याच्या यादीत असेल, तर राज्याने ती दिलीच पाहिजे, मग राज्याच्या स्वतःच्या योजनेत ती असो वा नसो. त्या केंद्रीय यादीत घरी द्यायची आरोग्यसेवा होती आणि तिच्यात ‘वैद्यकीय साहित्य’ होते. आता डायपर हे वैद्यकीय साहित्य आहे की नाही, एवढाच प्रश्न उरला.

तो २००४ मध्ये लुइझियानातून पाचव्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयात पोचला. स्पायना बायफिडा, म्हणजे मणक्याचा जन्मजात दोष, घेऊन जन्मलेला सोळा वर्षांचा मुलगा, लघवी आणि शौच दोन्हींवर ताबा नाही. डॉक्टरांनी डायपर लिहून दिलेले. ही वस्तू वैद्यकीय नाही, असे म्हणून राज्याने नकार दिला. न्यायालयाने राज्याला हरवले. इतर राज्यांच्या योजनांत केंद्राने हीच वस्तू घरच्या आरोग्यसेवेत मान्य केलेली आहे, याकडे न्यायाधीशांनी बोट दाखवले. २०१० मध्ये फ्लोरिडातही एका जिल्हा न्यायालयाने असाच निकाल दिला.

ॲरिझोनाचे प्रकरण मला सगळ्यात अस्वस्थ करते. तिथला नियम असा होता, की कातडीला आधीच जखम झालेली असेल तरच तिच्या उपचारासाठी डायपर मिळत. जखम होऊ नये म्हणून मागितले तर मिळत नसत. बेडसोअर झालेले माणूस ज्याने घरात पाहिले आहे, त्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. ती जखम हाडापर्यंत जाऊ शकते, महिनोन्‌महिने भरत नाही, कधी जिवावर बेतते. आणि तिच्यावरच्या एका रुग्णालयवारीच्या खर्चात डायपर किती काळ पुरतील, हा साधा हिशेबही कुणी केलेला दिसत नाही. २००६ मध्ये तिथल्या केंद्रीय जिल्हा न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. प्रौढांना आणखी काही वर्षे थांबावे लागले. २०१४ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने, प्रतिबंधासाठी म्हणून डायपर नाकारणे मेडिकेडच्या कायद्यात बसत नाही, हा खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष कायम ठेवला. मुलांसाठीची १९८९ची तरतूद प्रौढांना लागू नसतानाही ते जिंकले, म्हणून या निकालाचे मोल मोठे.

प्रौढांच्या बाजूने एक धागा आधीपासून होता. १९९८ मध्ये कनेक्टिकटच्या एका खटल्यात, राज्याने साहित्याची पक्की यादी करून बाकी सगळे नाकारले तरी चालेल, असा अपील निकाल लागला होता. त्यावर मेडिकेडच्या केंद्रीय खात्याने सप्टेंबर १९९८ मध्ये राज्यांना पत्र लिहून बजावले: यादी ठेवा, पण यादीबाहेरची वस्तू आपल्याला का हवी हे मांडण्याची खरी संधी प्रत्येकाला द्या. त्या पत्रामुळे पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून फेरविचाराला पाठवला. २ फेब्रुवारी २०१६ च्या केंद्रीय नियमाने हेच तत्त्व पक्के केले. वैद्यकीय साहित्याच्या व्याख्येत वापरून संपणाऱ्या आणि टाकून देण्याच्या वस्तू स्पष्टपणे आल्या आणि एखादी वस्तू सरसकट वगळायला राज्यांना मनाई झाली. मेडिकेअरने ज्या गुणामुळे डायपर नाकारले, तोच गुण इथे व्याख्येचा भाग झाला.

आज बहुतेक राज्यांत मेडिकेडमधून डायपर मिळतात, पण मागणाऱ्याला कागदपत्रे नीट ठेवावी लागतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ताबा का गेला त्याचे निदान लागते, नुसते ‘लघवी होते’ पुरत नाही. दिवसाला किती नग लागतात ते लिहावे लागते. लहान मुलांना साधारण तीन ते पाच वर्षांचे होईपर्यंत मिळत नाहीत, कारण त्या वयात डायपर सगळ्यांनाच लागतात. महिन्याची मर्यादा राज्यागणिक वेगळी असते. नकाराचे पत्र आले तर सुनावणी मागण्याचा हक्क आहे आणि तो वापरावा. वर सांगितलेले सगळे निकाल नकार मान्य न केलेल्या कुटुंबांमुळेच लागले.

ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांचे मात्र दोन्ही बाजूंनी अडते. २२ ऑगस्ट १९९६ च्या कायद्याने नव्या ग्रीन कार्डधारकांना मेडिकेडसाठी सहसा पाच वर्षे थांबायला लावले. पासष्टीनंतर, सलग पाच वर्षे राहिल्यावर, हप्ता भरून मेडिकेअर घेता येते, पण त्यात डायपर नाहीत. मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपन्यांकडून घेता येणाऱ्या काही मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजना दुकानातून घ्यायच्या वस्तूंसाठी ठरावीक भत्ता देतात आणि त्यातून डायपर घेता येतात. योजना निवडताना हे विचारून घ्यावे.

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने मेडिकेडवरचा केंद्राचा खर्च येत्या वर्षांत मोठ्या प्रमाणात आटणार आहे. राज्यांना काटकसर करायची वेळ आली की पहिला घाला ऐच्छिक सेवांवर, म्हणजे वेव्हरवर पडण्याची भीती आहे. घरच्या आरोग्यसेवेतले वैद्यकीय साहित्य मात्र सक्तीच्या सेवांमध्ये मोडते. म्हणून ज्यांचे डायपर सध्या वेव्हरमधून येतात, त्यांनी ते या सक्तीच्या सेवेखाली मिळतील का, हे आपल्या केस मॅनेजरला आत्ताच विचारून ठेवावे.